गाजलेले अल्बम ऐकायचे कसे: प्रत्येकाला वेगळा कान लागतो

कुठल्याही यादीत तीच तीच नावं दिसतात, मग एखाद्या रविवारी आपण ठरवून एक अल्बम लावतो, दोन गाणी होतात, तिसऱ्याला हात मोबाइलकडे जातो आणि शेवटी वाटतं की छान आहे पण एवढं काय आहे यात. हे बऱ्याच जणांचं होतं आणि यात ऐकणाऱ्याची आवड कमी पडते असं मला अजिबात वाटत नाही. आपण सगळं एकाच कानाने ऐकतो, गडबड तिथे होते. रॉकवर वाढलेला माणूस जॅझमध्ये गिटार शोधत बसतो, गाण्याच्या शब्दांवर जीव असलेल्याला नुसत्या वाद्यांच्या अल्बममध्ये धरायला काही सापडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक मोठ्या अल्बममध्ये धरायची एक गोष्ट असते, पहिल्या ऐकण्यात ती एकच धरायची, बाकीचं आपोआप मागे येतं.

आधी थोडी तयारी. शफल बंद करा, हे सगळ्यांना माहीत असतं, पण ॲपच्या सेटिंगमध्ये क्रॉसफेड नावाची भानगड असते ती शून्यावर आणा, नाहीतर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो आणि ज्या अल्बममध्ये गाणी मुद्दाम जोडलेली आहेत तिथे पूर्ण वाट लागते. दुसरं म्हणजे डिलक्स, ॲनिव्हर्सरी वगैरे आवृत्त्या असतात त्यात मूळ अल्बम संपल्यावर डेमो आणि जास्तीचे टेक जोडलेले असतात. मूळ यादी बघून घ्या आणि मूळ शेवटच्या गाण्याला थांबा. अल्बमचा शेवट कलाकाराने विचार करून ठरवलेला असतो हो. आणि एलपीच्या काळातला अल्बम असेल तर बाजू कुठे पलटायची तेही बघा, साधारण वीस-बावीस मिनिटांची एक बाजू, तिथे दोन मिनिटं थांबलात, पाणी प्यायलात तर चालतं, कारण तेव्हाच्या ऐकणाऱ्यालाही उठून तबकडी पलटायला लागायचीच.

सुरुवात मी कुणालाही जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ने करायला सांगेन, विशेषतः ज्यांनी थोडंफार राग संगीत ऐकलंय त्यांना. 1959 मध्ये न्यूयॉर्कला मार्च आणि एप्रिलमधल्या दोन दिवसांत हा रेकॉर्ड झाला, पाचच ट्रॅक. पहिला ट्रॅक लावा आणि सुरुवातीला फक्त पॉल चेंबर्सचा बेस (खर्जाच्या सुरांचं तंतुवाद्य) धरा. पियानो आणि बेस आधी जरा चाचपडल्यासारखे वाजतात, ठेका नसतो, मग बेसच मुख्य धून वाजवायला लागतो (हेच केवढं वेगळं आहे, बेस पुढे आणि बाकीचे मागे!) आणि त्याला दोन स्वरांचं उत्तर येतं, आधी पियानोकडून, मग ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनकडून. साधारण दीड मिनिटाच्या आसपास माइल्सचा सोलो (एकट्याने पुढे येऊन वाजवणं) सुरू होतो, आणि नेमकं तेव्हा ड्रमवाला जिमी कॉब झांजेवर एक जोरकस फटका मारतो. ती झांज किती वेळ घुमत राहते ते ऐका, तिच्याखाली माइल्स अगदी मोजके स्वर टाकतोय आणि मध्ये जागा सोडतोय. त्या सोडलेल्या जागा ऐकायच्या.

आता गंमत अशी की या ट्रॅकमध्ये सोळा बार (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) सगळे एकाच स्वरसमूहावर राहतात, आणि ते स्वर म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर, गंधार-निषाद कोमल. मग आठ बार सगळं अर्ध्या सुराने वर सरकतं आणि परत आठ बार खाली मूळ जागी. हे एकदा कानाला लागलं की आख्खी नऊ मिनिटं कधी जातात कळत नाही, कारण प्रत्येक आवर्तनात तो सरकण्याचा क्षण आपण समेसारखा वाट बघत ऐकतो. त्याला राग म्हणू नका, तो राग नाहीये, पण एका स्वरसमूहात निवांत बसून राहायची सवय आपल्या कानांना आहे तिचा इथे फार उपयोग होतो. माइल्सनंतर सॅक्सोफोनवर कोलट्रेन येतो तो एकदम दाट वाजवतो, मग सॅक्सोफोनवरच कॅननबॉल ॲडर्ली हसतमुख, मग बिल इव्हान्सचा पियानो. चार माणसं, तेच स्वर, चार स्वभाव. एक लक्षात ठेवा, जुनी एलपी हाताशी असेल आणि सोबत पेटीवर स्वर शोधायला बसलात तर पहिल्या बाजूचा सूर थोडा चढा लागेल, कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी टेप मशीन जरा हळू चाललं होतं. 1990च्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये ते दुरुस्त झालंय.

ज्या स्टुडिओत हे झालं, कोलंबियाचा 30व्या रस्त्यावरचा, आधी ते चर्च होतं, त्याच जागेत पियानोवादक ग्लेन गूल्डने 1955 मध्ये बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' रेकॉर्ड केली आणि 1981 मध्ये परत तिथेच तीच रचना. वेस्टर्न क्लासिकलमध्ये शिरायला याच्याइतकी सोपी वाट मला माहीत नाही. दोन्ही अल्बम काढा आणि फक्त सुरुवातीची आरिया, म्हणजे मूळ धून, लागोपाठ ऐका. 1955ची दोन मिनिटांच्या आत संपते, 1981ची तीन मिनिटांच्या वर जाते. नोटेशन तेच, माणूस तोच, मधे 26 वर्षं. तरुण गूल्ड पळतो, बोटं चमकतात, आणि नंतरचा गूल्ड प्रत्येक स्वर ठेवून मग पुढचा उचलतो. मागे त्याचं गुणगुणणं ऐकू येईल, तो रेकॉर्डिंगचा दोष समजू नका, तो असाच वाजवायचा. मला 1981चीच जास्त आवडते, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने पूर्ण 1955चीच ऐकावी, 38 मिनिटांत होते आणि दमवत नाही.

सोलकडे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भावगर्भ गाण्यांकडे, वळायचं तर मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', 1971. इथे परत बेस धरा पण वेगळ्या कारणासाठी. पहिल्या गाण्यात जेम्स जेमरसनचा बेस गायकाच्या खालून स्वतःचं वेगळंच गाणं गात असतो, एकदा त्याच्या मागे लागलात की सुटत नाही, लहान स्पीकरवर मात्र तो ऐकूच येणार नाही, त्यामुळे हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर प्लीज ऐकू नका. दुसऱ्या ऐकण्यात मार्विनचा आवाज धरा, एकच माणूस दोन आवाजात स्वतःशीच बोलत गातो, एक पुढे एक किंचित मागे. त्याचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परत आला होता, त्याने सांगितलेलं सगळं या अल्बममध्ये आहे आणि तरी कुठे ओरडा नाही, केवढी मऊ गाणी आहेत. पहिल्या बाजूची सहा गाणी एकातून एक निघतात, म्हणून मघाशी त्या क्रॉसफेडचं एवढं सांगितलं.

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'बद्दल (1973) इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात उरकतो. दुसरी बाजू नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजाने सुरू होते, तिथे मात्रा मोजा, सात येतात. रूपकाची सवय असेल तर लगेच पाय धरेल, आणि मग गिटारच्या सोलोला सगळा बँड चारवर येतो तेव्हा अंगावर काटा येतो राव.

हिपहॉपला लोक घाबरतात, शब्द कळत नाहीत म्हणतात. नासचा 'इलमॅटिक' (1994) घ्या, चाळीस मिनिटांच्या आत संपतो. पहिल्यांदा शब्दांकडे बघूच नका, फक्त तो बीटवर कुठे बसतो, वाक्य ओळीच्या शेवटी न संपवता पुढच्या ओळीत कसं ओढतो ते ऐका, म्हणजे तबल्याचे बोल ऐकतो तसं. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐका, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीतला विशीतला पोरगा काय काय बघत होता ते उलगडतं. तिसऱ्या ट्रॅकच्या शेवटी जे कॉर्नेट वाजतं ते त्याच्या वडिलांचं, ओलू दारा, जॅझवाले. बापाने पोराच्या गाण्याचा शेवट करावा, मला ही जागा फार प्रिय आहे.

मेटलमध्ये ज्यांना गायकाचा आवाज सहन होत नाही त्यांनी मेटॅलिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या (1986) सातव्या ट्रॅकपासून सुरू करावं, त्यात गाणंच नाहीये, आठेक मिनिटं नुसती वाद्यं आणि क्लिफ बर्टनचा बेस. त्याच वर्षी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला. हा ट्रॅक आवडला की मग पहिल्यापासून ऐका, आवाज तेवढा बोचत नाही.

आणि घरातला म्हणून गृहीत धरलेला 'कॉल ऑफ द व्हॅली', 1967. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी सगळेच ऐकतात, तुम्ही या वेळी ब्रिजभूषण काब्रांची गिटार धरा, ती मींड घेत कशी गाते ते बघा, सोबत माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस आहे हा, पहाटे अहिर भैरव आणि शेवटी पहाडी, त्यामुळे क्रम मोडून ऐकलात तर दिवसच मोडतो.

ऐकून झालं की लगेच, कुणाचा रिव्ह्यू वाचायच्या आधी, चार ओळी लिहून ठेवा. "भारी आहे", "मास्टरपीस" हे शब्द टाळा, त्यातून नंतर तुम्हालाच काही कळत नाही. कुठल्या मिनिटाला मान वर झाली, कुठे लक्ष उडालं, कुठला आवाज अजून डोक्यात आहे, एवढंच लिहा. स्टार देऊ नका, निदान पहिल्या ऐकण्याला तरी नको. साधारण आठवड्याने परत ऐका आणि जुनं न बघता परत लिहा, मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा. बहुतेक वेळा पहिल्यांदा जिथे लक्ष उडालं होतं तिथेच दुसऱ्यांदा काहीतरी सापडतं. आणि दोन-तीनदा ऐकूनही नाही भावला तर स्पष्ट लिहा की नाही भावला आणि का, जग काय म्हणतं त्याच्याशी तुमच्या वहीला काही देणंघेणं नाही.

पुढचा अल्बम कुठला हे याद्यांवरून ठरवू नका, क्रेडिट्स वाचा. 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये कोलट्रेन आवडला तर त्याचा 'अ लव्ह सुप्रीम' घ्या, चार भाग, तेहतीसेक मिनिटं. बिल इव्हान्स आवडला तर त्याच्या ट्रिओचं 1961चं व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं रेकॉर्डिंग, आणि तिथे परत बेसच धरा, स्कॉट लाफारोचा.