मोरेलिया पायी कसं पाहावं

मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याची ही राजधानी पायीच पाहा. सुरुवात पूर्वेकडच्या 253 कमानींच्या जलसेतूपासून करा, मग मादेरो रस्त्याने पश्चिमेला चालत कॅथेड्रल गाठा. इथे मात्र रेंगाळा. बांधकाम 1660 ते 1744 चाललं होतं! भिंतीवर हात फिरवा. गुलाबी कांतेरा दगड खरखरीत लागतो. मी तिथे दोनदा जाते, सकाळी आणि उन्हं कलताना. तेव्हा तोच दगड केशरी दिसतो.

1541 साली वसलेलं हे शहर आधी वायादोलिद होतं. स्वातंत्र्यलढ्यातले पाद्री होसे मारिया मोरेलोस इथले, म्हणून 1828 मध्ये त्यांचं नाव शहराला मिळालं. त्यांचं जन्मघर चुकवू नका. पाय दुखले की गास्पाचो घ्या: बारीक चिरलेली फळं, संत्र्याचा रस, वर चीज आणि तिखट.