मनी प्लांटची पानं हिरवीच येतायत? पान सोडा, पेर बघा

मार्बल क्वीन म्हणजे पांढऱ्या-हिरव्या पानांचा मनी प्लांट. ती आणली तेव्हा पानापानावर दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसायचे, आणि वर्षभरात वेल चांगली लांब झाली पण नवीन पानं सगळी हिरवीगार. हे खूप जणांचं होतं, माझंही झालं होतं. मग कोणी खत बदलतं, कोणी कुंडी बदलतं, कोणी पाण्यात काहीबाही मिसळतं. त्याने पांढरा रंग येत नाही.

वेलीच्या शेंड्यात ज्या पेशी वाढत असतात त्यातल्या काहींमध्ये हरितद्रव्य नीट तयार होतं आणि काहींमध्ये नाही, दोन्ही शेजारीशेजारी वाढतात आणि त्यांची जशी वाटणी तशी पुढची पानं येतात. हिरवा भाग अन्न बनवतो म्हणून तो जोरात वाढतो, पांढरा मागे पडतो, त्यामुळे वेल सोडून दिली की ती हिरव्याकडेच जाते. म्हणून खरं काम कात्रीचं आहे.

आता वेल हातात घ्या आणि आधी पानं बघू नका, दांडा बघा. दांडा हळूहळू बोटात फिरवला की त्यावर पांढरट पिवळट रेघा दिसतील, काही ठिकाणी रेघ ठळक असते, काही ठिकाणी धाग्याएवढी, आणि काही पेरांपुढे (पेर म्हणजे दांड्यावरची गाठ, जिथून पान फुटतं) ती चक्क संपलेली असते. जिथे पानाचा देठ दांड्याला चिकटतो तिथे बगलेत छोटासा फुगवटा असतो, तो डोळा, नवीन फांदी तिथूनच फुटते. पांढरी रेघ त्या डोळ्यावरून गेलेली असेल तर तिथून येणारी फांदी रंगीत यायची शक्यता भरपूर, आणि रेघ दांड्याच्या दुसऱ्याच बाजूने गेली असेल तर पान कितीही सुंदर असू दे, पुढची फांदी हिरवी निघू शकते. मी आधी फक्त सुंदर पान बघून कापायचे आणि मग हिरवी फूट आली की वाईट वाटायचं.

शेंड्याकडून मागे मागे येत असं पेर शोधा जिथे पान साधारण अर्धं हिरवं अर्धं पांढरं आहे आणि रेघ डोळ्यावर आहे. त्या पेराच्या वर साधारण 1 सेंटीमीटर सोडून स्वच्छ, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. शेंडा गेला की खालचा डोळा जागा होतो, कारण शेंडा जिवंत असेपर्यंत तोच बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. कापताना जीव खालीवर होतो, विशेषतः लांब वेल असेल तर, पण हिरवा शेंडा ठेवून पुढे पांढरं येईल अशी वाट बघण्यात महिने जातात. कापलेला तुकडा फेकू नका, त्यात रंगीत पेरं असतील तर एक पेर एक पान असे तुकडे करून पाण्यात ठेवा, पेर बुडालं पाहिजे पान नाही, दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात, बोटभर झाली की त्याच कुंडीत लावा म्हणजे कुंडी भरगच्च पण होते. हातमोजे घातलेले बरे, चिकाने खाज येते, आणि लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं पानं चावणार नाही असं बघा कारण ती विषारी असतात.

एक उलटी गोष्टपण आहे. फांदी पूर्ण पांढरी यायला लागली तर खूश होऊन तशीच ठेवू नका, ती स्वतःचं अन्न बनवू शकत नाही, बाकीच्या वेलीच्या जिवावर जगते आणि पानं कडेने तपकिरी होत जातात. तिलाही मागे हिरवंपांढरं पान आहे तिथपर्यंत छाटा.

उजेडाचं सांगायचं तर तो पांढरा रंग नव्याने तयार करत नाही पण असलेला टिकवतो. अंधाऱ्या कोपऱ्यात नवीन पानं जास्त हिरवी आणि लहान येतात, खिडकीजवळ पातळ पडद्याआड ठेवलं की फरक दिसतो. फरक नवीन पानांवर बघायचा, जुनं हिरवं पान बदलत नाही. दुपारचं थेट ऊन मात्र नको, पांढरा भाग सगळ्यात आधी भाजतो. खिडकीच नसेल तर ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा दिवा, 10-12 तास.

खत हलकं आणि वाढीच्या दिवसांतच, नायट्रोजनचा मारा केला की हिरवी मऊ वाढ होते. पाणी वरची माती सुकल्यावर. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडत असतील तर ते व्हेरिगेशन (पानांवरचे पांढरे-हिरवे डाग) नाही, मुळं बघा.

मॉस स्टिकवर, म्हणजे शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर, वेल चढवली की हवेतली मुळं धरतात आणि पानं मोठी होतात, म्हणजे असलेला पांढरा रंग जास्त उठून दिसतो. फक्त साधा हिरवा मनी प्लांट किंवा निऑन ही एकरंगी पोपटी जात यांच्यावर ही पांढऱ्या रंगाची युक्ती चालणार नाही, मुळात रेघच नाही तर डोळ्यात येणार कुठून. मॉन्स्टेरा अल्बो या पांढऱ्या-हिरव्या मोठ्या पानांच्या वेलीलाही छाटणीचा हाच नियम, मॉन्स्टेराचीच दुसरी जात थाई कॉन्स्टेलेशन, तिचा रंग मात्र बऱ्यापैकी स्थिर असतो, तिला उगाच कापू नका.

छाटल्यावर डोळा फुटायला काही आठवडे लागतात आणि पहिलं पान कधीकधी फिकं किंवा हिरवटच येतं. लगेच परत कात्री घेऊ नका, दोन-तीन पानं येऊ द्या, आणि तेव्हाही पान नाही, नवीन दांड्यावरची रेघ बघा.