रॅमजेट क्षेपणास्त्राचा खरा पल्ला कसा काढावा

हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राचा पल्ला एकाच आकड्यात छापलेला दिसला, की आधी विचारावं: लक्ष्य समोरून येत होतं की पळत होतं? हे कळल्याशिवाय तो आकडा अपुराच आहे.

सुरुवात सरासरी वेगापासून करा. 'मीटिओर' या युरोपीय रॅमजेट क्षेपणास्त्राचा वेग मॅक ४ च्या (ध्वनीच्या चौपटीच्या) वर सांगतात, पण तो कमाल वेग. बूस्टर, म्हणजे सुरुवातीचा रॉकेट, आधी क्षेपणास्त्राला ध्वनीच्या दुपटीच्या आसपास नेतो, मगच रॅमजेट (वेगामुळे आत दाबली जाणारी हवा वापरणारं इंजिन) नीट चालतं. म्हणून ११ किलोमीटर उंचीवर सरासरी मॅक ३, म्हणजे सेकंदाला सुमारे ९०० मीटर धरू. इंधन १०० सेकंद पुरतं असं मानलं (हा आकडा फक्त उदाहरणासाठी), तर उड्डाणमार्ग ९० किलोमीटर.

आता लक्ष्याला ३०० मीटर/सेकंद वेग द्या. समोरून येत असेल तर तेवढ्या वेळात तेच ३० किलोमीटर जवळ येतं, म्हणजे १२० किलोमीटरवरून डागता येईल. पळत असेल तर ९० मधून ३० वजा: ६०. क्षेपणास्त्र तेच, उत्तर निम्मं!

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे. १२० वरून डागलं आणि ५० सेकंदांनी वैमानिकानं विमान वळवलं, तर? तेव्हा अंतर ६० किलोमीटर उरलेलं. उरलेल्या ५० सेकंदांत ते सेकंदाला ६०० मीटरनं, म्हणजे ३० किलोमीटरच घटेल. नेम हुकला. म्हणून १२० हा आकडा न वळणाऱ्या लक्ष्यापुरताच धरावा.

मग रॅमजेटचा फायदा कुठे? शेवटच्या टप्प्यात. साध्या रॉकेट मोटरचं इंधन लवकर संपतं आणि क्षेपणास्त्र मंदावत जातं. ते ५०० मीटर/सेकंदावर आलं, तर पळणाऱ्या लक्ष्याशी अंतर सेकंदाला २०० मीटरच कमी होतं. रॅमजेट ऑक्सिजन हवेतूनच घेतं, त्यामुळे जोर शेवटपर्यंत टिकतो आणि ६०० चा दर कायम राहतो. तुलना करायची तर याच दोन आकड्यांची करा.

शेवटी उंची. समुद्रसपाटीला हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो, ११ किलोमीटरवर ०.३६ च्या आसपास. तोच वेग राखायला खाली हवेचा तिपटीहून जास्त रोध, म्हणून इंधनही तितकंच लवकर संपतं. सगळं उड्डाण खालूनच असेल, तर ढोबळमानानं उड्डाणमार्ग ९० चा तिसरा हिस्सा, म्हणजे ३० किलोमीटर (आणि तेवढ्या वेळात लक्ष्याचे १०) धरून हिशेब पुन्हा मांडा: समोरून ४०, पाठलागात २०.