रोड बाईकला परवडणारे टायर घेताना काय बघायचं

आधी जुन्या टायरच्या बाजूला छापलेला साईज वाचा, ७०० बाय २५सी किंवा २५-६२२ असं काहीतरी असतं, त्यातला ६२२ (रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, मिमीमध्ये) जुळलाच पाहिजे नाहीतर टायर रिमवर बसणारच नाही. रुंदीत, म्हणजे २५ मिमीच्या आकड्यात, थोडी सूट असते. आपल्याकडचे खड्डे नि पावसाळ्यातली खडी बघता फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २८ च घ्या, हवा जरा कमी ठेवता येते, हातांना हादरे कमी बसतात आणि ग्रिपही छान मिळते.

पैसे वाचवायचे तर वायर बीडवाला (कडेत स्टीलची तार असलेला) घ्या, फोल्डिंगपेक्षा (घडी होणाऱ्या टायरपेक्षा) थोडा जड पण बराच स्वस्त. पंक्चर प्रोटेक्शनचा थर मात्र सोडू नका, रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी तर अजिबातच नाही! व्हिटोरिया झाफिरो, कॉन्टिनेंटल अल्ट्रा स्पोर्ट हे रोजच्या राईडला मस्त चालतात, रेसिंगचे महागडे टायर पातळ असतात आणि लवकर झिजतात. नक्षीवर जाऊ नका, डांबरावर गुळगुळीत टायरच भारी, पावसातसुद्धा.

मागचा टायर आधी झिजतो, म्हणून एकच घ्यायचा असेल तर पुढचा चांगला असल्यास तो मागे टाका नि नवा पुढे लावा.