कमी उजेडातल्या टाकीची मागची बाजू

माशांची दोन फुटी टाकी, वर साधा एलईडी. मागे लावलेला कॅबोंबा महिन्याभरात खालून गळून गेला. पानं बारीक असलेल्या या झाडाला उजेड जास्त लागतो, दुकानात कितीही हिरवंगार दिसलं तरी.

त्याजागी व्हॅलिसनेरिया लावला, फितीसारख्या लांब पानांचं पाणझाड. पुण्यात सोसायटीला बोअरचं जड पाणी असेल तर उत्तमच, कारण त्याला ते मानवतं. खडी दोन इंच. मुळं आत, पण पानं जिथून फुटतात तो पांढरा गड्डा खडीच्या वर. तो पुरला की झाड कुजतं. दोन रोपांत दोन इंच अंतर पुरे, धावते फुटवे बाकीची जागा भरतात. पाणझाडांसाठी बाटलीत मिळणारा द्रव कार्बन मात्र टाकू नका, व्हॅलिसनेरिया त्याने विरघळतो.

कोपऱ्यात जावा फर्न, लाकडाला दोऱ्याने बांधून. त्याचं आडवं खोड खडीत कधीच नको. क्रिप्टोकोरीन हे झाड नवीन लावलं की त्याची पानं गळतात, तेव्हा उपटू नका. मुळं टणक असतील तर तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात.

दिवा टायमरवर सहा-सात तास. शेवाळ दिसलं की तासभर कमी करायचा.