राणीछाप रुपया लिलावात टाकताय? या चुका टाळा

लक्ष्मीपूजनाला ताटात मांडलेले चांदीचे रुपये डब्यात परत जायच्या आधी घरात कुणीतरी म्हणतंच, "हे ऑनलाइन विकले तर?" विकता येतात, आणि बरे पैसेही मिळतात. पण खरं नुकसान पहिली बोली लागायच्या आधीच, आपल्याच घरात झालेलं असतं, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

चिंच लावू नका

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे विकायचं म्हणून नाणं घासून लख्ख करणं. देवाची भांडी चिंचेनं उजळतात, तसंच नाण्याचंही करायला आपला हात शिवशिवतो. पण चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला करडा-निळसर थर संग्राहकाला हवाच असतो. नाण्याला कुणी हात लावलेला नाही, याची ती खूण आहे. घासल्यावर उमटलेल्या बारीक रेघा भिंगाखाली लगेच दिसतात आणि त्या पुन्हा कधीच जात नाहीत.

माझ्या आत्याकडे पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया होता. त्या वर्षीच्या नाण्यावर राजाच्या अंगावरच्या पदकमाळेतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून तो हत्ती बदलला. त्यामुळे १९११ च्या रुपयाला मागणी असते. फोटो चांगला यावा म्हणून आतेभावानं तो टूथपेस्टनं घासला. शेवटी चांदीच्या भावाहून थोडेच जास्त पैसे आले. आजही त्या रुपयाची आठवण झाली की जीव हळहळतो.

माती चिकटली असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कापडानं टिपा, पुसू नका. आधीच कुणी घासलेलं असेल तर वर्णनात तसं स्वच्छ लिहा. मऊ पीव्हीसीच्या स्वस्त अल्बममध्ये ठेवलेल्या नाण्यांवर हिरवट चिकटा धरतो, तेव्हा ती त्यातून आजच बाहेर काढा.

जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे

व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया हातात आला की माणूस हरखून जातो. पण १८६२ हेच साल टांकसाळींनी १८७४ येईपर्यंत छापलं, म्हणून ही नाणी भरपूर आहेत. त्यांचा भाव ठरतो तो मागच्या बाजूच्या ठिपक्यांच्या मांडणीवर आणि नाण्याच्या अवस्थेवर. उलट १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे. तुमच्याकडे तो निघाला तर आनंद करण्याआधी शेवटचा ९ दुसऱ्या आकड्यातून कोरून केलेला नाही ना, हे भिंगाखाली पाहा आणि नाणं जाणकाराला दाखवा.

राम दरबार किंवा हनुमान असलेले, 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८ असं साल कोरलेले तांब्याचे तुकडे कंपनीनं कधी पाडलेच नाहीत. ते अलीकडचे आहेत. ते प्राचीन म्हणून विकलेत तर तक्रार तुमच्या नावानं होईल. वैष्णोदेवीच्या ५ आणि १० रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, ही तर निव्वळ थाप आहे.

वजन न लिहिता वर्णन लिहू नका

'अतिदुर्मीळ, प्राचीन, लकी' असे शब्द वाचून जाणता ग्राहक पुढे सरकतो. त्याला आकडे हवे असतात. सराफाच्या काट्यावर वजन करा. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी होती, १९४० ते ४५ च्या रुपयात निम्मीच. म्हणजे पहिल्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, दुसऱ्यात ५.८. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक सुरुवातीची बोली चांदीच्या भावाच्याही खाली ठेवतात आणि दोनच ग्राहक आले तर नाणं मातीमोल जातं.

१९४७ चे रुपये निकेलचे आहेत. ते लोहचुंबकाला चिकटतात म्हणून खोटे ठरवू नका. चांदीचा म्हणवणारा रुपया चिकटला तर मात्र तो खोटा.

नाणं माळेत ओवलेलं असेल तर कडी काढल्यावरही झाळकामाची खूण कडेवर राहते. त्या कडेचा फोटो द्या. फोटो दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजूंचे, फिल्टर न लावता काढा. खोट लपवलीत तर नाणं परत येईल आणि पुढचे ग्राहकही जातील.

बोलीच येत नसेल तर

आधी शीर्षक तपासा. त्यात राजा किंवा राणी, मूल्य, साल आणि टांकसाळ आहे का? मग त्याच नाण्याचे पूर्वी पूर्ण झालेले व्यवहार पाहा. विक्रेत्यांनी मागितलेले भाव पाहून काही कळत नाही. मित्राला खोटी बोली लावायला सांगणं ही फसवणूक आहे आणि त्यानं खातंही बंद होऊ शकतं.

पैसे, कायदा, पार्सल

रिझर्व्ह बँकेच्या नावानं कुणी 'कमिशन' किंवा 'कर' मागितला तर फोन ठेवा. असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही, असा इशारा बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. समोरचा पिन टाकायला किंवा क्यूआर स्कॅन करायला सांगत असेल तर पैसे तुमचेच जाणार आहेत.

शेत नांगरताना शिवरायांची किंवा इतर नाणी भरलेलं मडकं लागलं तर ती थेट लिलावात टाकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. न्यू जर्सीचा चुलतभाऊ कितीही आग्रह करो, त्याला नाही म्हणा.

देशातलं पार्सल विमा उतरवून पाठवा. पाकिटात नाणं खुळखुळणार नाही असं दोन पुठ्ठ्यांमध्ये चिकटपट्टीनं बसवा, पण चिकटपट्टी नाण्याला लागू देऊ नका. बंद करताना व्हिडिओ काढा, त्यात काट्यावरचं वजन दिसू द्या. "आलेलं नाणं वेगळंच आहे" असा फोन आला तर तोच व्हिडिओ पुढे करायचा.