कोडिंग शिकता शिकता खुल्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं योगदान कसं द्यावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं कोडिंग शिकायचं म्हणून एकामागून एक व्हिडिओ बघतात, सर्टिफिकेटं जमवतात, आणि तरी "मला अजून येत नाही" असंच म्हणतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की भाषेची तोंडओळख झाली की कुणाच्या तरी चालत्या सॉफ्टवेअरमध्ये हात घाला. हौसेनं चालवलेली कितीतरी छोटी सॉफ्टवेअर खुली आहेत. त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो, सुधारताही येतो. आणि सीमाभागातल्या माणसाला तिथं हक्काचं काम आहे. घरी मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशा तीन लिप्या रोज वापरणाऱ्याला जे बिघाड दिसतात, ते फक्त इंग्रजीत टाइप करणाऱ्या प्रोग्रामरच्या लक्षातही येत नाहीत.

आधी मशीन आणि भाषा

लॅपटॉप जुना असला तरी चालेल. रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या दुकानावरून टर्मक्स हे कमांड टाइप करायचं ॲप घ्या; त्यात पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि गिट हे कोडमधले बदल नोंदवणारं साधन, दोन्ही चालतात. फोनवर कोड टाइप करणं जिकिरीचं आहे, पण सुरुवात तर होते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात जिथं नेटवर्क धड नसतं, तिथल्यांनी पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन एकदा डाउनलोड करून ठेवावं.

कुठली भाषा घ्यावी यावर वेळ घालवू नका, पायथन घ्या. व्हेरिएबल, इफ, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी आणि फाइल वाचणं-लिहिणं, एवढं आलं की पुढं सरका.

सराव मात्र मराठी मजकुरावर करा. लांबी मोजणाऱ्या लेन (len) या फंक्शनला 'बेळगाव' हा शब्द द्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पायथन ६ सांगतं, कारण ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना आणि व हे सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, वेगवेगळे मोजले जातात. मग 'काळे' आणि 'कासार' ही आडनावं क्रम लावणाऱ्या सॉर्टेड (sorted) फंक्शनला द्या. ते काळेंना आधी ठेवतं. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणजे कासार आधी हवेत. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ बसलाय ल आणि व यांच्या मध्ये. मराठी शाळेच्या हजेरीपटाचं एखादं ॲप नावं चुकीच्या क्रमानं लावत असेल, तर कारण बहुधा हेच.

प्रोजेक्ट निवडताना

तुम्ही स्वतः वापरता असंच सॉफ्टवेअर निवडा. गिटहब, गिटलॅब किंवा कोडबर्ग या कोड ठेवायच्या साइटवर त्याचं पान उघडून शेवटचा बदल कधी झाला ते बघा. दोन वर्षं हालचाल नसेल तर सोडून द्या. लायसन्सची, म्हणजे वापराच्या परवानगीची, फाइल आहे का, योगदानाचे नियम लिहिलेत का, आणि लोकांच्या तक्रारींना, म्हणजे इश्यूंना, कुणी उत्तर देतं का, हेही तपासा. 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेली कामं नवख्यांसाठी राखलेली असतात.

बिघाड पकडणं

इथं सावकाश चाला, कारण खरं शिक्षण इथंच होतं. समजा, पाककृती साठवायचं एक छोटं ॲप आहे. त्यात 'कैऱ्या' शोधलं, तर आईनं लिहून ठेवलेली लोणच्याची कृती सापडतच नाही. शोधलेला आणि कृतीतला, दोन्ही शब्द पडद्यावर अगदी सारखे. दोन्हींची लांबी मोजा, एक ६ निघेल आणि दुसरा ७. कारण ऱ हे अक्षर एकसंधही लिहिता येतं आणि र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊनही. माणसाला फरक दिसत नाही, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात.

यावरचा उपाय पायथनमध्ये तयार आहे. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ फंक्शन एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित पद्धतीनं चालवलं की दोन्ही रूपं एक होतात. शोधायचा शब्द आणि साठवलेला मजकूर, दोन्ही त्यातून काढून मगच तुलना करायची. कन्नडमधल्या ओच्या मात्रेलाही अशीच दोन रूपं आहेत, तीही याच फंक्शननं जुळतात. तेव्हा शेजारच्या बाकावरच्या कन्नड मित्राला सोबत घ्या आणि त्याच्याकडून कन्नड शब्द तपासून घ्या. मला तर हे काम दोघांनी मिळून केलेलंच जास्त आवडेल.

कळवणं आणि दुरुस्त करणं

आधी इश्यू लिहा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठली आवृत्ती, एवढं पुरे. इंग्रजी साधं असलं तरी कुणी हसत नाही. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी याची धास्ती अजिबात घेऊ नये. नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका, शब्द मजकूर म्हणूनही द्या. समोरच्याला देवनागरी वाचता येत नसेल, पण कॉपी करून तपासता येतं.

मग गिट. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते बनवलं. सुरुवातीला थोड्याच पायऱ्या लागतात: प्रोजेक्ट आपल्या खात्यावर फोर्क करा (म्हणजे त्याची प्रत घ्या), क्लोन करून मशीनवर आणा, नवी ब्रँच (बदलांसाठी वेगळी फांदी) काढा, बदल करा, कमिट करा (बदल नोंदवा), पुश करा (आपल्या खात्यावर चढवा) आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घेण्याची विनंती, पाठवा. क्लोन केल्यावर कमिटपर्यंतचं काम नेटशिवाय होतं, म्हणून पुश करायला रेंज मिळेल तेव्हा बसलात तरी चालतं.

कोडला हात लावण्याआधी असलेल्या टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, एकदा चालवून बघा. मग 'कैऱ्या'ची दोन्ही रूपं घेऊन एक नवी टेस्ट लिहा, ती फेल होऊ द्या, आणि मगच दुरुस्ती करा. फाइलमधली मोकळी जागा, नावं, बाकीची मांडणी जशीच्या तशी ठेवा. एआयकडून कोड लिहून घेतला असेल, तर प्रत्येक ओळ का आहे हे स्वतःला सांगता येत नाही तोवर तो पाठवूच नका. तुमचा कोड तपासणारा माणूस नोकरी सांभाळून, रात्री उरलेला वेळ देतो.

उत्तराला आठवडे लागू शकतात. बदल सुचवले तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच ब्रँचवर दुरुस्ती करून पुन्हा पुश करा, पुल रिक्वेस्ट आपोआप अद्ययावत होते. पंधरा दिवस काहीच हालचाल नसेल, तर एका ओळीत नम्रपणे विचारा.

कोड अजून जड वाटत असेल तर सॉफ्टवेअरमधल्या बटणांच्या आणि सूचनांच्या मराठी भाषांतरापासून सुरुवात करा. त्यात टक्क्याचं चिन्ह किंवा महिरपी कंसातली नावं दिसली तर ती तशीच ठेवा, त्या जागी प्रोग्राम स्वतः आकडे आणि नावं भरतो. आणि एका बटणाला एका ठिकाणी 'जतन करा' आणि दुसरीकडे 'साठवा' असं होऊ देऊ नका.

पहिला बदल मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला, की मूळ प्रोजेक्टमधून ताजा कोड ओढून घ्या आणि जुनी ब्रँच काढून टाका. पुढचं काम त्याच ॲपमध्ये आहे: 'कैऱ्या' लिहायची तिसरीही एक पद्धत आहे, र ला हलन्त देऊन पुढं न दिसणारं जोडचिन्ह टाकायची. जुन्या मजकुरात ती भेटते आणि एनएफसीनं ती जुळत नाही. तिच्यासाठी वेगळा इश्यू उघडा आणि वेगळी पुल रिक्वेस्ट पाठवा.